पिवळ्या अ‍ॅसिडसमोर नेरूरकर बाई

नेरूरकर बाईंनी कुठल्याही धातूला ‘चांगला’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. धातू तपासण्यातच सगळी नोकरी गेलेल्या बाईंच्या बाबतीत हे जरा गैरसोयीचं होतं, कारण आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक माणसाला नेमकं तेवढंच ऐकायचं असे. तो पिशवीतून धातूचा तुकडा काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि विचारायचा, “चांगला आहे ना?” बाई चष्मा नाकावर खाली ओढून, तुकड्याकडे न बघता त्या माणसाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “कुणासमोर?”

बहुतेकांना वाटे, बाईंना कमी ऐकू येतं. ते पुन्हा, मोठ्याने विचारत. मग बाईही तितक्याच मोठ्याने म्हणत, “कुणासमोर?”

प्रयोगशाळा लालबागला, मसाला कुटणाऱ्या दुकानांच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खालून मिरचीचा खकाणा यायचा आणि आतून अ‍ॅसिडच्या वाफा. आपण नेमके कशाने शिंकतोय, हे कळायला नव्या माणसाला वेळ लागे. रसायनांच्या कारखान्यांनी आपल्या टाक्या, नळ, पंप कोणत्या धातूचे करावेत, हे आम्ही सांगायचो. म्हणजे बाई सांगायच्या आणि मी ते सभ्य भाषेत लिहून काढायचो. माझं पद ‘अहवाल अधिकारी’ असं भारदस्त होतं. बाई मला ‘लेखक’ म्हणत, आणि त्यात कौतुक नसे.

“लेखक, हे ‘अत्यंत समाधानकारक’ खोडा. धातू समाधानी नसतो.”

“मग काय लिहू?”

“किती झिजला ते लिहा. रडला का हसला ते नको.”

बाई बुटक्या, अंगाने सुकलेल्या, आवाजाने मात्र भरभक्कम. सुती साड्या नेसत आणि प्रत्येक साडीच्या पदराला अ‍ॅसिडच्या शिंतोड्यांची बारीक भोकं असत. पदर कोरा दिसला तर समजावं, साडी नवी आहे. “अजून शाळेत घातली नाही तिला,” असं त्या स्वतःच सांगत. धातुशास्त्राच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पण त्या गोष्टीचं भांडवल त्यांनी केलं नाही. महिला दिनाला कोणी पुष्पगुच्छ घेऊन आलं की तो त्या गॅसशेगडीपासून लांब ठेवायला सांगत. त्या दिवसात त्यांना रस एवढाच.

त्यांचे वडील जवळच्याच गिरणीत, कापडाला ब्लीच करण्याच्या खात्यात होते. चाळीत शेजारचे काका विणाई खात्यात. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी एकसारखे जेवणाचे डबे घेतले. शेजाऱ्यांचा डबा वर्षानुवर्षं टिकला. वडिलांच्या डब्याच्या कड्या गळून पडल्या, झाकणाला भोक पडलं. बाईंची आई मूळची मालवणकडची. तिने भर रस्त्यात दुकानदाराचा उद्धार केला, “फसयल्यान मेल्यान!” दुकानदार बिचारा शपथा घेत होता की दोन्ही डबे एकाच पेटीतले. बाई तेव्हा शाळेत होत्या. दुकानदार खरं बोलतोय हे त्यांना पटलं आणि आईला ते पटवता येईना. धातुशास्त्राची डिग्री त्यांनी पुढे घेतली, पण विषयात प्रवेश त्या रस्त्यावरच झाला असावा.

निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूंचं शास्त्र त्या कोणालाही उभ्या उभ्या सांगत. “पितळेला कल्हई बाहेरून करावी लागते. क्रोमियम स्वतःची कल्हई स्वतः करतं. ओरखडा उठला तर पुन्हा करतं. पण त्याला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही, की क्रोमियमचं डोकं चालत नाही. तिथे मॉलिब्डेनम लागतं, ते कल्हईविना तग धरतं. आणि या दोघांना ज्याच्या घरात नांदायचं, ते निकेल.”

बाजारात या धातूंची नावं मोठी दिमाखदार असतात. जहाजाला किंवा घोड्याला शोभतील अशी. बाईंच्या तोंडी तीनच नावं: निकेलमध्ये क्रोमियम घातलेला तो ‘क्रोमवाला’, मॉलिब्डेनम घातलेला तो ‘मॉलीवाला’, आणि निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम हे सगळे एकत्र असलेला तो ‘तिघांचा’. विक्रेते चमकदार माहितीपत्रकं घेऊन येत आणि बाई त्यांच्यासमोर विचारत, “म्हणजे आपला मॉलीवालाच ना?” विक्रेत्याचा टाय सैल होई.

‘कुणासमोर’ हा प्रश्न धातूंपुरताच राहिला असता तर बाईंचे मित्र वाढले असते. आमच्या हिशेबनीसांनी मुलीचं लग्न ठरत आल्याचे पेढे आणले. “मुलगा चांगला आहे बाई. इंजिनिअर, दादरला स्वतःचा फ्लॅट.”

बाईंनी पेढा तोंडात टाकला. “कुणासमोर चांगला?”

“म्हणजे काय?”

“आईसमोर का बायकोसमोर?”

हिशेबनीस पेढ्यांचा बॉक्स बंद करून निघून गेले. बरेच दिवस ते बाईंशी बोलत नव्हते. पण पुढच्या भेटीला त्यांनी मुलाला आईशिवाय बोलावलं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं.

शिवाजी पार्कच्या समुद्राकडच्या बाजूला एक सोसायटी आहे. तिच्या अध्यक्षांनी फाटकावर उंची स्टीलची अक्षरं बसवली. सोसायटीचं नाव आणि त्याखाली, किंचित मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या दिवंगत वडिलांचं. अनावरण झालं, पेढे वाटले, फोटो निघाले. काही महिन्यांत अक्षरांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ दिसू लागले. अध्यक्षांनी अक्षरांच्या रक्षणासाठी वर एक सुबक छज्जा बांधला. ओघळ वाढले. ओळखीने बाईंना नेलं, मीही गेलो. अध्यक्ष फसवणुकीची तक्रार करायच्या तयारीत होते.

बाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. “खालची अक्षरं जास्त खराब झालीत. वरच्या ओळीची टोकं स्वच्छ आहेत.”

“तेच म्हणतोय मी! माल मिक्स दिला त्याने. वडिलांच्या नावाला हलका माल!”

“छज्ज्याबाहेर जेवढं राहिलंय तेवढं स्वच्छ आहे. समुद्राचं मीठ हवेतून बसतं, पाऊस ते धुतो. तुम्ही पाऊस बंद केलात.”

“मग आता?”

“छज्जा काढा. नाहीतर वडिलांना रोज आंघोळ घाला.”

अध्यक्षांनी छज्जा काढला नाही; तो नगरसेवकाच्या हस्ते झाला होता. वॉचमनला रोज फडकं मारायला लावलं. परत येताना बाई टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, “धातूला कौतुक सोसत नाही, लेखक.”

बाईंचा खरा सामना मात्र आमच्याच कार्यालयात, वर्तक साहेबांशी होता. साहेब प्रयोगशाळेचे संचालक. माणूस दुष्ट नव्हता, त्यांना समारंभ आवडत. नवा वजनकाटा आला तरी ते दीपप्रज्वलन करत. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून जी खोली आम्ही बंद ठेवायचो, तिच्यात समई पेटवत. एकदा त्यांनी मिश्रधातूंची तुलना करणारा एक रंगीत तक्ता छापायला घेतला. प्रत्येक धातूपुढे तारे, पाच ताऱ्यांचा तो पहिला.

“साहेब, यात रकाने कमी आहेत,” बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीने त्यांनी उभ्या रेघा मारल्या. नायट्रिक अ‍ॅसिड, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, खारं पाणी, भट्टीची धग. मग तारे वाटले. नायट्रिकच्या रकान्यात क्रोमवाला पुढे आणि मॉलीवाला तळाला. हायड्रोक्लोरिकमध्ये बरोबर उलटं.

साहेबांनी तक्ता आडवा-उभा फिरवून पाहिला. “पण मग विजेता कोण?”

“हे काय शाळेचं गॅदरिंग आहे?”

तक्ता छापला गेला नाही. साहेबांना ते लागलं. त्यांच्या नाराजीला पुढे कारणही मिळालं.

खाडीपलीकडच्या एका मोठ्या रसायन कारखान्याला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड कोमट करण्यासाठी नवा हीट एक्स्चेंजर बसवायचा होता. हा एक आडवा, बंद पिंप असतो. आत नळ्यांचा जुडगा, नळ्यांतून अ‍ॅसिड वाहतं आणि बाहेरून वाफ. नळी झिजून फुटली की काय होतं ते सांगायला नको. तिथे माणसं उभी असतात. धातू कोणता घ्यायचा, हे आम्ही ठरवायचं होतं. तिन्ही मिश्रधातूंचे तुकडे आम्ही काचेच्या चंबूंत अ‍ॅसिडमध्ये टांगले आणि नंतर तोलले. क्रोमवाला बराच झिजला, तिघांचा थोडासा. मॉलीवाला अंगावर ओरखडाही न घेता बाहेर आला. तारांकित म्हणावा असाच.

वर्तक साहेबांनी त्याच दुपारी कारखान्याला फोनवर निकाल सांगून टाकला. कारखान्याने मॉलीवाल्याची मागणी नोंदवली. उद्घाटनाचा संगमरवरी फलक कोरायला गेला, त्यावर आमच्या प्रयोगशाळेचं नावही यायचं होतं. राहिली होती फक्त बाईंची सही. तांत्रिक प्रमुख म्हणून त्यांच्या सहीशिवाय अहवाल बाहेर जात नसे, आणि धातू कुठे राहायला जाणार ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाई सही करत नसत. साहेबांनी गाडी दिली. “जाऊन या बाई, फॉर्मॅलिटी उरकून टाका.”

कारखान्यात आम्हाला भेटले कांबळे. त्या विभागाचे इंजिनिअर, नायगावच्या चाळीत वाढलेले, मोठा देह, बोलणं झपझप. बाईंनी त्यांच्याकडे अ‍ॅसिडचा नमुना मागितला. कांबळेंनी हातमोजे घालून टाकीच्या तोटीतून एक बीकर भरून आणला.

बाईंनी तो उजेडाकडे धरला. “हे पिवळं का?”

“अ‍ॅसिडच आहे बाई.”

“ते कळलं. पिवळं का?”

“पिवळंच असतं ना ते. मी लागलोय तेव्हापासून पिवळंच बघतोय.” कांबळे हसले. “का, तुमच्याकडे कुठल्या कलरचं येतं?”

बाई माझ्याकडे वळल्या. आमच्याकडचं अ‍ॅसिड काचेच्या सीलबंद बाटलीतून येई. शुद्ध, पाण्यासारखं स्वच्छ. तेच आम्ही चंबूत ओतलं होतं. कारखान्यातला माणूस अ‍ॅसिड म्हटलं की पिवळं समजत होता, आम्ही बिनरंगाचं. दोघेही तोच शब्द वापरत होते, म्हणून कोणालाच विचारायचं सुचलं नाही.

“गे बाय माझे,” बाई म्हणाल्या. हे त्यांच्या आईचे शब्द, त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकले. “आपण भलत्याच मुलीला मुलगा दाखवला.”

पिवळा रंग लोखंडाचा होता. टाकी साध्या पोलादाची, आतून रबराचं अस्तर. अस्तर फाटलं होतं आणि टाकी हळूहळू अ‍ॅसिडमध्ये विरघळत होती. “किती वेळा लिहून दिलंय मी,” कांबळे म्हणाले, “कोण बघतंय? गळत नाही ना, मग चालू दे.”

बाईंनी त्यांना तिथेच समजावलं. शुद्ध अ‍ॅसिडसमोर मॉलीवाल्याला तोड नाही. पण अ‍ॅसिडमध्ये असं विरघळलेलं लोखंड आलं, की ते अ‍ॅसिड वेगळंच होतं. त्याच्यापुढे अंगावर कल्हई लागते. मॉलीवाल्यात क्रोमियम नाही, म्हणजे कल्हई नाही.

कांबळेंचं हसू थांबलं. “म्हणजे मशीन फुटणार?”

“ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.”

“आणि फुटलं तर तिथं उभा कोण? मी आणि माझी पोरं.”

“म्हणून तर तपासते,” बाई म्हणाल्या.

पिवळं अ‍ॅसिड कांबळेंनी बाईंसमोरच कॅनमध्ये भरलं आणि ते कारखान्याच्या गाडीतून आलं. तुकडे पुन्हा टांगले. या वेळी मॉलीवाला बाहेर आला तो वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा: कडा गोल, रंग मळका, आम्ही ठोकलेला क्रमांकही पुसलेला. ‘तिघांचा’ होता त्याच्यावरचा क्रमांक मात्र चष्म्याशिवाय वाचता येत होता. बाईंनी दोन्ही तुकडे धुतले, पुसले, कागदावर ठेवले आणि साहेबांच्या केबिनमध्ये नेले. अहवालाचा मसुदा घेऊन मागे मी.

“बाई, ऑर्डर गेली आहे,” साहेब तुकड्यांकडे न बघता म्हणाले.

“परत बोलवा.”

“अहो, कार्यक्रम ठरलाय. पाहुण्यांनी तारीख दिलीय. आपण असं करू, शुद्ध अ‍ॅसिडचा निकाल वर ठेवू आणि खाली बारीक अक्षरांत लिहू, अ‍ॅसिडमध्ये लोखंड नसावं. म्हणजे आपल्यावर काही येत नाही.”

“बारीक अक्षर नळीला वाचता येत नाही, साहेब.”

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. बाई निवृत्तीचं वय उलटून मुदतवाढीवर होत्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. “तुमच्या मुदतवाढीचं पत्रही माझ्यासमोर सहीला आहे,” ते म्हणाले. स्वर अगदी गोड होता.

“मग आधी ते फाडा, म्हणजे तुम्हाला विचार करायला मोकळं होईल,” बाई म्हणाल्या. “तांत्रिक प्रमुख दुसरा नेमा. त्याने सही केली तर माझी हरकत नाही. पण त्याला आधी हे दोन तुकडे दाखवा.”

दुसरा कोणी नेमणं साहेबांना शक्य होतं. तुकडे दाखवून नेमणं शक्य नव्हतं.

अडलं ते कांबळेंमुळे. त्यांनी आपल्या वरिष्ठांना लेखी कळवलं की नेरूरकर बाईंच्या सहीचा अहवाल आल्याशिवाय आपण ते यंत्र ताब्यात घेणार नाही. एवढं झाल्यावर कारखान्याचे खरेदीप्रमुख स्वतः लालबागला आले. जिने चढून, शिंकत, चिडलेले.

“बाई, विकणारा म्हणतो हा जगातला एक नंबर धातू आहे.”

बाईंनी त्यांच्या एका तळहातावर मॉलीवाला ठेवला, दुसऱ्यावर तिघांचा. “हे दोन्ही जाताना एकाच मापाचे होते. तुमच्याच टाकीतल्या अ‍ॅसिडमध्ये होते.”

गृहस्थ दोन्ही हात खालीवर करत राहिले. हातात फरक कळत होता. मग त्यांनी झिजलेल्या तुकड्याची कड अंगठ्याने चाचपली. “माझ्याच टाकीतलं?”

“कांबळेंनी माझ्यासमोर काढलं.”

“टाकीचं अस्तर बदललं तर हा चालेल का?”

“चालेल. आणि पुन्हा फाटलं तर? तुम्हाला कोण सांगायला येणार? गेल्या वेळी सांगितलं त्यांचं तुम्ही ऐकलं नाहीत.”

खरेदीप्रमुखांनी तिथूनच फोन लावला आणि मॉलीवाल्याऐवजी तिघांचा मागवला. जाताना त्यांनी झिजलेला तुकडा मागून घेतला आणि खिशात टाकला. बाईंनी मला बसवून अहवाल लिहवून घेतला. एका पानाचा, एकही विशेषण नसलेला. माझ्या लिखाणातलं तेच सर्वांत बरं पान असेल. खाली त्यांनी सही केली, पूर्ण नावाने.

उद्घाटन पुढे गेलं, संगमरवरी फलकावरची तारीख चुकीची ठरली. मुदतवाढीचं पत्र आलं नाही. वर्तक साहेबांनी निरोप समारंभ मात्र थाटात केला. शाल, श्रीफळ, समई. भाषणात ‘आमच्या संस्थेची तत्त्वनिष्ठ परंपरा’ असा उल्लेख तीन ठिकाणी आला. बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. “एक्झॉस्ट फॅन बिघडलाय, तो दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या आणि बसल्या. समईचा धूर त्यांच्याच तोंडावर येत होता.

पुढे त्या परळच्या घरी असत. कधी कोणी तुकडा घेऊन गेलं तर बघत. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, झोपेत. मी तेव्हा मुंबईबाहेर होतो, त्यामुळे शेवटचं दर्शन वगैरे मला घडलं नाही. मला शेवटच्या दिसल्या त्या बाई कारखान्यातल्या आहेत.

यंत्र चालू होऊन बराच काळ लोटला होता. कारखाना देखभालीसाठी बंद ठेवला होता आणि तो एक्स्चेंजर पहिल्यांदाच उघडणार होता. कांबळेंनी बाईंना बोलावलं, बाईंनी मला. यंत्र उंच मचाणावर होतं, चढायला लोखंडी शिडी. पिवळं हेल्मेट बाईंच्या अंबाड्यावर बसेना, ते एका बाजूला कललं. बोल्ट सुटले, साखळीने झाकण बाजूला गेलं. कांबळेंची माणसं हातातलं काम सोडून उभी राहिली.

बाई झाकणामागच्या जाड चकतीसमोर वाकल्या. नळ्यांची तोंडं त्या चकतीत बसवलेली असतात, अ‍ॅसिड आधी तिच्यावरच आपटतं. त्यांनी टॉर्च तिरपा धरला. मग हात मागे करून त्यांनी कांबळेंचं मनगट पकडलं आणि त्यांचं बोट चकतीवर टेकवलं.

“लागतंय काही?”

“खरखरीत लागतंय, बाई. झिजलंय का?”

“नीट फिरवा. गोल.”

कांबळेंनी बोट फिरवलं. टॉर्चच्या उजेडात मलाही दिसलं. एकात एक, केसाएवढ्या बारीक गोल रेघा, चकतीभर.

“लेथवर कातताना पडलेल्या रेघा आहेत या,” बाई म्हणाल्या. “जशाच्या तशा.”

कांबळेंनी बोट उचललं नाही. तेच ते वर्तुळ ते पुन्हा पुन्हा गिरवत राहिले, मग मागे वळून आपल्या माणसांकडे पाहून त्यांनी नुसती मान डोलावली. खाली कोणीतरी शिटी मारली.

“पुरे आता, झाकण लावा, धूळ जाईल आत,” असं म्हणत बाई शिडीकडे वळल्या. कांबळेंनी आधाराला हात पुढे केला. “तुमचे हात मळलेत,” बाई म्हणाल्या आणि भोकाभोकांचा पदर कमरेला खोचून, कललेल्या हेल्मेटसकट, एकेक पायरी चाचपत एकट्याच उतरल्या.